तेरा भाग, एक शर्ट आणि मामांचा निरोप

मुलीची लायब्ररीची पुस्तकं परत करायची होती, एवढंच. ती बास्केटबॉलच्या प्रॅक्टिसला आत गेली, मी बाहेर ऑस्ट्रेलियातल्या आमच्या क्रेगीबर्नच्या त्या बोचऱ्या वाऱ्यात गाडीच्या काचा वर करून बसले, आणि फोन बंद पडला म्हणून पिशवीतलं एक जपानी चित्रकथेचं पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर दोघं मिठी मारून रडत होती. म्हटलं, वा, इथे सगळं भराभर आटपतं. पण वाचत गेले तसतशी ती दोघं लांब लांब जायला लागली, शेवटी तर एकमेकांना ओळखेनात. मुलगी गाडीत बसताच मी म्हटलं, "काय गं हे, एवढं छान जमलेलं मोडलं की!" तिने पुस्तकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मम, यू रेड इट बॅकवर्ड्स." जपानी पुस्तकं उजवीकडून उघडतात हे मला कोणी सांगितलं होतं का? नाही.

मग सुलट वाचलं. मग बाकीचे भाग आणले. एकूण तेरा. गोष्ट काय, तर एक मुलगी लाँड्रीत काम करते आणि एक सरकारी कारकून तिच्याकडे एकच पांढरा शर्ट धुवायला आणतो. शर्ट मळलेला नसतोच, म्हणून हा बावळट दुकानाबाहेर उभा राहून त्यावर स्वतःच सॉस सांडतो. आणि आत जाऊन म्हणतो काय? "डाग." बस्स. तिलाही तो आवडतो. ती म्हणते, "गुरुवारी मिळेल." असे तेरा भाग! सहाव्या भागात त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं, तेव्हा मी कामावर, डेंटिस्टच्या रिसेप्शनला बसून, इतक्या जोरात "अगं बाई!" म्हटलं की रूट कॅनालला आलेले एक आजोबा उठून उभे राहिले.

नवऱ्याने अर्थातच नाक मुरडलं. "कार्टून वाचतेस? या वयात?" हा माणूस दिवसभर वरच्या खोलीत मीटिंगांमध्ये अखंड बडबडतो, आणि लॅपटॉप मिटला की तोंडही मिटतं. घरात त्याचे शब्द दोनच, "हं" आणि "बघू".

मग त्याच गोष्टीची टीव्ही मालिका आली, खऱ्या माणसांची. दर शुक्रवारी संध्याकाळी एक भाग. मुलगी आणि मी डाळखिचडी घेऊन सोफ्यावर, हीटर चालू, आणि माझ्या अंगाचा तिळपापड. अहो, पुस्तकातला तो काटकुळा, कान बाहेर आलेले, केस कोंबड्यासारखे. म्हणून तर आवडला होता! टीव्हीवर कोण आणून उभा केला? दाढी कोरलेला मॉडेल. ह्याला सॉस सांडायची काय गरज? हा नुसता दारात उभा राहिला तरी लाँड्रीवाली ह्यालाच घडी घालून ठेवून घेईल. मी दर दोन मिनिटांनी हे बोलून दाखवायची, मुलगी दर दोन मिनिटांनी "मम, शश्!" करायची.

तिसऱ्या शुक्रवारपासून नवरा आमच्या मागे डायनिंग टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायला लागला. काम आहे म्हणे. काम कसलं, स्क्रीन कधीच काळी झालेली असायची. शेवटच्या भागाच्या आधीचा भाग चालू होता. नायक तिच्यासमोर उभा, ओठ हलतायत, आवाज फुटत नाहीये, माझा जीव टांगणीला. आणि मागून हे महाशय म्हणाले, "एवढं काय अवघड आहे? आवडतेस म्हणायचं आणि मोकळं व्हायचं."

मी वळले. "तू म्हटलंयस कधी?"

मुलीने टीव्ही थांबवला. "डॅड. नेव्हर?"

"कळवलं होतं ना," तो म्हणाला. "होकार कळवला होता."

"मामांनी कळवला होता!" मी म्हटलं. मग मुलीला सगळं सांगावं लागलं. नाशिकला आमच्या घरी हा पोहे खायला आला होता, बरोबर त्याचे आईवडील आणि मामा. मामा मध्यस्थ, सगळी बोलणी त्यांच्यामार्फत. ह्याने मला एकच प्रश्न विचारला, कॉम्प्युटर येतो का. निघताना मामा म्हणाले, "कळवतो." आणि पंधरवडाभर कोणी काही कळवलं नाही. फोन वाजला की बाबा धावायचे, मी कान लावून स्वयंपाकघरात उभी. तोपर्यंत मी मनात त्याला होकार देऊन बसले होते, मूर्खासारखी. शेवटी मामांचा फोन आला, मुलाकडून होकार आहे. लग्न झालं, ऑस्ट्रेलिया झाली, घराचा हप्ता सुरू झाला, पण तो पंधरवडा काही माझ्या डोक्यातून गेला नाही. इतके दिवस हा काय तोलत होता? आणखी किती घरचे पोहे खात होता?

खरं सांगते, मला रडूच आलं. त्या जपानी बावळटाने तेरा भाग घेतले, पण स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मला तेवढंच हवं होतं, एकदा, त्याच्या तोंडून. मुलीने तिथल्या तिथे निकाल दिला: "डॅड, बिफोर द फिनाले. नो एक्स्क्यूजेस."

त्या आठवड्यात आमचं घर लखलखीत झालं. त्याने चिमणीची जाळी घासली. माझ्या गाडीत हवा भरली. बुधवारी मला फोनवर एक लाल बदाम पाठवला, त्याच्यामागोमाग वीजबिलाचा फोटो. मुलीने बदाम बाद ठरवला. तोंडाने मात्र तोच "हं".

आणि फिनालेच्याच शुक्रवारी सकाळी, मागच्या अंगणात मी चादरी वाळत घालत असताना, पुण्याहून मामांचा व्हिडिओ कॉल. मामा ऐंशीच्या पुढचे, अजूनही व्हिडिओवर फोन कानालाच लावतात, त्यामुळे आपल्याला नुसता कान दिसतो. कान खाकरला आणि म्हणाला, "सूनबाई, मुलाकडून निरोप आहे. तू त्याला आवडतेस."

मी चिमटे हातात घेऊन तशीच उभी. ह्या माणसाने परत मामांना मध्ये घातलं होतं! "मामा," मी म्हटलं, "तुमच्या पाया पडते, पण हे त्याला स्वतःला सांगता येत नाही का? तेव्हाही पंधरा दिवस लावले त्याने!"

कान परत खाकरला. मग मामा म्हणाले, "त्याने नाही गं. मी लावले."

"म्हणजे?"

"तुमच्याकडून निघालो, तर हा गाडीतच म्हणाला, मामा, आत्ता फोन करा. मी म्हटलं, गप बस, आपण मुलाकडचे, जरा भाव ठेवायला नको? मग रोज संध्याकाळी घरी येऊन डोकं खायचा. कळवलं का, कळवलं का. शेवटी तुझी मामी माझ्यावर ओरडली, लावा हो तो फोन, पोरगं जेवत नाहीये. तेव्हा लावला."

"आणि हे त्याने मला आजवर का नाही सांगितलं?"

"मीच त्याला शपथ घातली होती," मामा म्हणाले. "उतावीळपणा दाखवू नये बायकोला. आता मोडतो ती शपथ. चुकलं माझं."

मी फोन खिशात टाकला आणि वळले. नवरा दाराच्या जाळीमागे उभा होता, हातात उगाच स्क्रूड्रायव्हर, तिथे पिळायला एक स्क्रू नव्हता.

"जेवत नव्हतास?" मी विचारलं.

तो बाहेर आला. कान लाल झाले होते. "भूकच लागत नव्हती," तो म्हणाला. "वाटायचं, तुझ्याकडून नकार येईल. कॉम्प्युटरचं विचारलं म्हणून."

"अरे, मग ते मला सांगायचं ना रे गाढवा! मी तिकडे फोनपाशी मरत होते!"

"आवडली होतीस," तो म्हणाला. "जिना उतरताना पायांत चप्पल कोणाची घातली तेही मला कळलं नव्हतं. अजून आवडतेस."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, हातात ओली चादर, कुंपणापलीकडून शेजारचे म्हातारबाबा ओरडतायत, "यू राइट, मेट?" नवरा त्यांना "ऑल गुड, ऑल गुड" म्हणत होता आणि मी त्याची बाही ओढत होते. म्हटलं, "परत म्हण. त्यांनी ऐकलं तर ऐकू देत." दुसऱ्यांदा म्हणताना त्याला ते नीट जमलं नाही, कारण तोही रडायला लागला होता.