तिने सोपवलेलं मनिला

एप्रिल १९८५, शुक्रवार दुपार. हजर: मी म्हणजे ड्युटीवरची नर्स, आणि आखातातल्या रिग्गई वस्तीतल्या खोलीत आठ वर्षं माझ्याबरोबर राहिलेली मनिलाची मैत्रीण. तीही नर्सच, पण आता आमच्याच वॉर्डात तीन नंबरच्या खाटेवर.

त्या वर्षीच्या सुट्टीत आम्ही दोघी तिच्या गावी जाणार होतो. तिला आता जाता येणार नाही, हे दोघींनाही कळलं होतं.

"ताई, वही काढ. हँडओव्हर घे."

ड्युटी बदलताना आम्ही एकेक खाट सोपवायचो, तसं तिने शहर सोपवलं. रोक्सास बुलेवार्डवर समुद्राच्या कडेने चालायचं, सूर्यास्त बघायचा. पुढे लुनेता बाग. तिथून टाफ्ट अॅव्हेन्यूने घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत. मग पूल ओलांडला की क्वियापोचं चर्च.

"दारात माझी आई मोगऱ्याच्या माळा विकते. एक घे, आणि आत माझ्या नावाने मेणबत्ती लाव."

"रस्ता चुकले तर?"

"तू? तू तर बाथरूमलाही लिस्ट घेऊन जातेस!"

दोघी हसलो. मग तिने नियमाप्रमाणे पानाखाली माझी सही घेतली. चौथ्या दिवशी ती गेली.

पहिल्या वर्षी माझे वडील आजारी होते, म्हणून मनिलाला गेले नाही. नंतरच्या वर्षांना काहीच कारण नव्हतं. तिच्याशिवाय तिच्या आईसमोर उभं राहायला धीर झाला नाही. वहीतल्या इतर सगळ्या पानांवरच्या कामांपुढे बरोबरची खूण आहे. तिच्या पानावर तेवढी एकही नाही; मेणबत्ती लावायची राहिली आहे.