मॅटाडोरमधलं धुणं

“हे मशीन गाडीत बसवायलेत, का गाडी मशीनवर?” सुतारमिस्त्री स्वतःशीच पुटपुटले. मी शेजारीच त्या कपडे धुण्याच्या मशीनचं इंग्रजी पुस्तक धरून उभी होते. पण मी बोलणाऱ्यांतली नव्हते, त्यामुळे माझ्यासमोर कुणीही काहीही म्हणत असे.

माझ्या मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, आयुष्यात एकही वस्तू तिच्या जागी राहू दिली नाही. घराच्या दाराला त्यांनी ट्रकचा भोंगा लावला. पहिल्याच दिवशी दूधवाला तो दाबून स्वतःच नालीत उतरला. पापड लवकर वाळावेत म्हणून छताचा पंखा गच्चीवर उताणा बसवला, तर सगळे पापड शेजारच्या गच्चीवर गेले. शेजाऱ्यांनी ते तळून परत पाठवले. निवृत्त झाल्यावर काकांनी एक जुनी मॅटाडोर घेतली, आत बाकडी आणि स्टोव्ह बसवला, टपावर पाण्याची टाकी चढवली आणि आता आपण फिरायचं, असं जाहीर केलं. मावशीने एवढंच विचारलं, “आणि धुणं?”

हा प्रश्न त्यांच्या लग्नाइतकाच जुना होता. मावशीचा दिवस बादलीशी सुरू होई आणि दोरीशी संपे. बोटांची पेरं आखडली होती, तरी दुसऱ्याने पिळलेलं तिला चालत नसे. प्रत्येक बेत या प्रश्नावर मोडला होता. काकांनी यावेळी धुणंच सोबत न्यायचं ठरवलं.

परभणीला मशीनच्या दुकानात ते शेतातल्या काळ्या मातीत मुद्दाम लोळवलेली धोतरं घेऊन गेले. दुकानदार कंपन्यांची नावं सांगू लागला. “नाव ऱ्हाऊ द्या, डाग काढून दाखवा,” काका म्हणाले. तीन मशिनं चालवून झाली तेव्हा आमचं आठवड्याचं धुणं दुकानातच उरकलं होतं. शेवटी दोन टबांचं एक पसंत पडलं: एकात धुवायचं, दुसऱ्यात गरगर फिरवून सुकवायचं. सुकवणाऱ्या टबावर काकांचा विश्वास नव्हता. त्यांनी डोक्यावरची टोपी भिजवून आत टाकली, बाहेर काढून तशीच घातली आणि आरशात बघून मान डोलावली.

मिस्त्रींनी एक बाकडं उखडलं, खाली टायरच्या ट्यूबचे तुकडे अंथरले आणि कापसाच्या गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्यांनी मशीन आवळलं. पुस्तकात जमीन सपाट हवी असं लिहिलं होतं. मी त्या ओळीवर नुसतं बोट ठेवलं. काकांनी काठोकाठ भरलेला तांब्या मशीनवर ठेवून तासभर पाचरी ठोकल्या. विजेची त्यांना काळजी नव्हती. लांबलचक वायरचं भेंडोळं दाखवून ते म्हणाले, “जिथं वळखीचं घर, तिथं आपला प्लग.”

मावशीला आता सबब उरली नाही. आम्ही चारठाण्याची जुनी देवळं पाहायला निघालो. वाटेत वालूरला काकांच्या मावसभावाकडे तासभर वायर लावायची, की कपडे धुऊन पुढे, असा बेत होता. पण कुणाच्या घरची वीज घेऊन त्यांच्याकडे न जेवता निघता येत नाही, आणि जेवल्यावर त्या घरच्या वहिनींनी भीतभीत पुढे केलेली दोन लुगडी नाकारता येत नाहीत. दुपारपर्यंत गल्लीभर बातमी झाली आणि मॅटाडोरपुढे गाठोड्यांची रांग लागली. एकीने तर गोधडी आणली. पुस्तक इंग्रजीत असल्यामुळे काका कुणालाच मशीनला हात लावू देईनात. मी बटणांकडे बोट दाखवायचं, आणि बाह्या सरसावून त्यांनी धुवायचं, सुकवायचं, खिसे तपासत नाहीत म्हणून रागवायचं. एक म्हातारी खास पाट घेऊन बघायला बसली. “बाप्या माणूस धुणं धुवायलाय, माय,” ती म्हणाली. “आता डोळे मिटले तरी चालतंय.”

उन्हं कलली तसे काका कोपरापर्यंत ओले, खाली उतरले. एवढा पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

“तिला देवळं दाखवायची होती गं,” ते हळूच म्हणाले. “हितं बी धुणंच आलं नशिबी. चल, काढ वायर.”

मी प्लगपाशी गेले. ओट्यावर मावशी भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. हातात चहाची बशी, हात कधी नव्हे ते कोरडे. भोवतीच्या बायका काहीतरी सांगत होत्या आणि ती पदराने डोळे पुसेपर्यंत हसत होती. काकांची गाडीकडे पाठ होती की ओट्याकडे, ते आता आठवत नाही. त्यांना दिसलं नव्हतं एवढं खरं. आज दोघंही नाहीत, पण त्या दिवशी माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, तो अजून आठवतो.

“वायर राहू द्या, काका,” मी म्हणाले. “मावशी बसलीय.”