आमच्या गटातली चौथी

आमचा गट चौघांचा होता. सादरीकरणाच्या दिवशी उभे राहिलो तिघंच.

चौथी माझ्याच गावची. दिवाळीनंतर तिने कॉलेज सोडलं, असं वर्गात म्हणत. तिने काही सोडलं नव्हतं. कॉलेज बुलढाण्याला; शेवटचा तास संपवून मोताळ्याच्या पुढे थेट आमच्या गावात जाणारी एकच एसटी होती, ती बंद झाली. मग आम्ही दोघी उशिराच्या दुसऱ्या गाडीने फाट्यावर उतरायचो आणि अंधारात कपाशीच्या वावरांमधून गावापर्यंत चालायचो. एका संध्याकाळी दोन मोटारसायकली आमच्या मागे हळूहळू येत राहिल्या. कोणी बोललं नाही, कोणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या बाबांनी तिला पाठवलं नाही. मला बुलढाण्याला मामाकडे ठेवलं. तिला बुलढाण्यात मामा नव्हता. फरक एवढाच.

विषय मिळाला होता 'ग्रामीण मुलींचे शिक्षण'. गटप्रमुख शहरातला मुलगा, बोलायला तयार, स्वभावाने वाईट नाही. त्याने स्लाइड बनवल्या. आदल्या दिवशी त्या पाहिल्या तेव्हा माझं डोकंच फिरलं. गळतीच्या कारणांत ठळक अक्षरांत पहिलंच होतं: 'मुलींची शिक्षणाविषयी उदासीनता'.

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"अगं, नेटवर सगळीकडे हेच आहे. तुला वेगळं सांगायचंय तर हा भाग तू बोल."

मी बोलणार नाही, हे त्याला माहीत होतं. आमच्या वर्गात खेड्यातल्या पोरी तक्ते रंगवायच्या आणि शहरातले माईक धरायचे. ही वाटणी कोणी ठरवली नव्हती, म्हणून ती मोडायलाही कोणी समोर नव्हतं. तरी मी हो म्हणून बसले.

लिहायला मी भीत नव्हते. गावातल्या तरुणांच्या मंडळासाठी मी अकरावीपासून पत्रकं लिहायचे. नळ, रेशन, शाळेची खोली. पत्रक लिहून झालं की वाटणारे वाटतात, वाचणारे आपापल्या दारात वाचतात. लिहिणाऱ्याकडे कोणी टक लावून बघत नाही. माझा भागही मी तसाच लिहिला, रागाने, एका बैठकीत.

माझी बोलायची पाळी आली. कागद दोन्ही हातांनी धरला. मी वाचायला लागले, "तमाम विद्यार्थी बंधू-भगिनींना जाहीर आवाहन करण्यात येते की, प्रशासनाच्या अन्यायकारक धोरणाचा..."

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मोर्चा कुठून निघून राह्यला बे?"

"ताई, भोंगा विसरला काय रिक्षात?" दुसरा म्हणाला. वर्ग हसला. मी पुढचा शब्द शोधत राहिले. कागदावर तो होता, मला दिसत नव्हता.

सरांनी वर्गाला गप्प केलं. मग गटप्रमुखाकडे बोट दाखवून मला म्हणाले, "बस तू. उरलेलं हा वाचेल. तुझे मार्क कापणार नाही."

ही दया होती, आणि ती हसण्यापेक्षा जास्त लागली. माझे मार्क वाचणार होते. पण माझ्या मागे पडद्यावर ती ओळ तशीच उभी होती. मी बसले असते तर माझी मैत्रीण सगळ्या वर्गासाठी कायमची उदासीन ठरली असती. ती, जी फाट्यावरून चालतानाही मला प्रश्नांची उत्तरं म्हणून दाखवायची.

मी कागद टेबलावर ठेवला. "सर, मले बोलू द्या," म्हटलं.

"आमच्या गटात एक पोरगी होती. तुमच्यातल्या बऱ्याच जणाईनं पाह्यली तिले. तिले शिकायचं होतं. गाडी बंद झाली, म्हणून ती घरी बसली." मग फाटा सांगितला, अंधार सांगितला, मोटारसायकली सांगितल्या. घरी जसं बोलते तसंच बोलले.

"मंग होस्टेलले काऊन नाही राह्यली?" मघाच्या मोर्चावाल्यानेच विचारलं. या वेळी तो हसत नव्हता.

"जागा नाही भेटली. सगळ्याईले भेटते काय?"

एकदा तोंड उघडलं की भीती पळते, असं वक्तृत्वाच्या शिबिरांत सांगतात. खोटं सांगतात. माझा आवाज शेवटपर्यंत कापत होता. त्याच आवाजात मी शेवटचं वाक्य संपवलं. गटप्रमुख लॅपटॉपवर वाकला आणि सगळ्यांसमोर त्याने ती ओळ पुसली. सरांनी पुढच्या गटाला बोलावलं.

संध्याकाळी मी तिला फोन केला. सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं.

"मंग? गाडी सुरू होते काय?"

"नाही."

"तं वर्गात बोलून काय भेटलं मले? त्या पोराईच्या हातात हाय काय गाडी? डेपोत जाऊन बोल ना."

तिचा आवाज रागाचा नव्हता. "तू येते काय संग?" मी विचारलं.

"मले कोण येऊ देते? तूच जाय."

सोमवारी कॉलेज बुडवून मी डेपोत गेले. खिडकीआड बसलेल्या साहेबांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि मान वर केली. मी आमच्या बंद झालेल्या गाडीचं पुटपुटले.

"काय म्हणता? मोठ्यानं बोला, ऐकू नाही येत."

मागे रांगेतली माणसं ऐकत होती. मी मोठ्याने बोलले.