आईच्या गोधडीचे चार तुकडे

तिला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवायला नको.

कुवेतला आल्यावर बरेच दिवस मी हॉस्पिटल आणि हवल्लीतली माझी खोली यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. मी फिजिओथेरपिस्ट. ती माझ्याकडे खांद्याच्या दुखण्यासाठी यायची. मूळची पुण्याची, हौसेनं चित्रं काढणारी, नवरा तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, बनेद अल-गारला समुद्रासमोर फ्लॅट. खांदा बरा झाला, ओळख राहिली. मी तिला ताई म्हणू लागले.

"सुट्टीच्या दिवशी झोपून काय राहतेस? चल, चित्रं बघू," असं म्हणून तिनं मला गाडीत घातलं ते थेट शर्क भागातल्या एका गॅलरीत नेलं. मग चटकच लागली. बाहेर डांबर वितळेल असं ऊन, आणि आत थंडगार, शांत, पांढऱ्या भिंती. एका तळघरातल्या संग्रहात जुन्या कुराणांची पानं होती, शाई अजून ओली वाटावी अशी. एका जुन्या शाळेच्या इमारतीत मोती काढणाऱ्या पाणबुड्यांची चित्रं होती. ती एकेका चित्रासमोर मला थांबवायची. "घाई करू नकोस. आधी रंग बघ, मग कडा बघ." बघायला तिनं शिकवलं, हे मी नाकारत नाही. म्हणून तर राग जास्त.

एकदा माझ्या खोलीवर चहाला आली आणि पलंगावरची गोधडी तिनं हातात घेतली. नाशिकहून निघताना आईनं दिलेली. वर तिच्या हिरव्या इरकलीचे काठ, मधे माझ्या शाळेच्या निळ्या गणवेशाची ठिगळं, खाली अस्तराला बाबांचं धोतर. बाबा गेल्यावर आईनं ती पावसाळाभर बसून शिवली होती.

"काय सुंदर आहे गं! महिनाभर देतेस? स्केचेस करते."

मी दिली. महिना उलटला, दोन उलटले. विचारलं की, "अगं, अजून काम चाललंय," एवढंच उत्तर. मग तिच्या प्रदर्शनाचं आमंत्रण आलं. भिंतीवर चार मोठ्या काचेच्या फ्रेमा होत्या आणि चारींत माझी गोधडी होती. कात्रीनं सरळ कापलेली. इरकलीचा काठ एका फ्रेमेत अर्धा, दुसरीत अर्धा. खाली पाटीवर तिचं नाव आणि 'स्थलांतर, क्रमांक एक ते चार'.

तिला बाजूला घेऊन म्हटलं, "ताई, ही माझी आहे."

ती हसली. "तुझी होती गं. पलंगावर मळून विरली असती. मी तिला कुठे आणून ठेवलं बघ! आणि आज प्लीज तमाशा नको."

तमाशा हा शब्द तिनं वापरला नसता, तर मी कदाचित रडत घरी गेले असते.

थोड्या वेळानं गॅलरीच्या मालकीणबाईंनी, एका वयस्कर कुवेती बाईंनी, तिला बोलायला उभं केलं. खुर्च्यांवर निम्मे लोक आपलेच होते. ती इंग्रजीत सांगू लागली, की स्थलांतरित बाईच्या वेदनेतून आपण हे टाके घातले. मी फोन काढला आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. आई जेवून ओट्याशी आवराआवर करत होती.

"आई, हे बघ," म्हणत मी उठले आणि फोन फ्रेमेसमोर धरला. आवाज पूर्ण वाढवला.

मग आईचा आवाज सगळ्या दालनात घुमला, "अगं बाई! माझी गोधडी कुणी कापली? तुझ्या बाबांचं धोतर आहे ते! हात झडले नाहीत का मेल्याचे?"

मराठी बायकांच्या रांगेतून कुजबुज उठली. मालकीणबाईंनी विचारलं, "काय म्हणतायत त्या?" मी सावकाश, स्पष्ट इंग्रजीत भाषांतर करून सांगितलं. हात झडण्याचंही सांगितलं.

ती म्हणाली, "हा गैरसमज आहे, आम्ही बोललो होतो..." मालकीणबाईंनी हात वर करून तिला थांबवलं आणि विचारलं, "कापायची परवानगी घेतली होती?" तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत विनवणी होती. मी नुसती उभी राहिले, तिचा चेहरा नीट बघत. आधी रंग, मग कडा.

फ्रेमा त्याच संध्याकाळी उतरल्या. तुकडे मी पिशवीत घालून टॅक्सीनं घरी आणले.

दुसऱ्या दिवशी आईच मवाळ झाली. "जाऊ दे गं. परक्या मुलखात आपलीच माणसं. बोल तिच्याशी."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

तुकडे मी स्वतःच जोडले. माझे टाके वेडेवाकडे आहेत, काठ कुठे जुळला, कुठे नाही. ती अजून चित्रकार म्हणून मिरवते. मागे इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला कुणीतरी तिची तशी ओळख करून दिली, तेव्हा मी मागच्या रांगेतून मोठ्यानं विचारलं, "या वेळी कापड कुणाचं?"

बायका हसल्या. ती वाण न घेताच निघाली. मी तिळगुळाचा लाडू तोंडात टाकला. फार गोड लागला.