उजव्या हातातला आलू

गेल्या रविवारी अमरावतीच्या आमच्या घरात ओव्हनमध्ये बटाटे भाजायचा घाट घातला. आमच्याकडे बटाट्याला आलू म्हणतात, त्यामुळे पुढे आलूच लिहिते.

कारण सांगायला हवं. अडीच महिन्यांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. वेळेत दवाखान्यात पोचलो. बोलणं शाबूत राहिलं, पायही हळूहळू सावरला... उजवा हात मात्र लुळाच राहिला. बाबांचं आयुष्य मोटर रिवाइंडिंगमध्ये, जळालेल्या मोटरी पुन्हा गुंडाळण्यात गेलं. केसासारखी तांब्याची तार ते न बघता गुंडाळायचे.

डाव्या हातानं जेवणं त्यांना जमेना... म्हणजे हाताला जमत होतं, मनाला नाही. ताट आतल्या खोलीत मागवायचे आणि अर्धं परत पाठवायचे. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी दाबायला एक मऊ चेंडू दिला होता. "लेकराचं खेळनं" म्हणून तो त्यांनी कपाटावर टाकून दिला.

डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. त्यातले अडीच गेले होते आणि मी ते मोजत होते.

बाबांचं गाव अकोल्याकडचं. तिथे देवीला रोडगे असतात... कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजलेले. आराजवळ बसायचा मान दरवर्षी बाबांचा. रोडगे निघाले की उरलेल्या राखेत ते आलू पुरायचे आणि तिथेच उभ्यानं, फुंकर मारत खायचे. त्याला ताट लागत नाही, चमचा लागत नाही. म्हटलं, एवढं तरी पोटभर खातील...

मी नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे मोजमापाची यंत्रं बघते. तापमान हा माझा रोजचा विषय. ओव्हनच्या डायलवर विश्वास न ठेवता आत तापमान मोजायचा थर्मोकपल लावला. डायल दोनशे दाखवत होता, आत एकशे बहात्तर होतं. तेवढा फरक धरून डायल पुढे सरकवला. आलू धुतले, एकेक फॉइलमध्ये घट्ट गुंडाळला आणि बरोबर एक तास लावला.

तासानं ताटली घेऊन आत गेले. बाबांनी एक आलू फोडला, नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"हे तं उकडले."

मग कित्येक दिवसांनी ते सलग बोलले. "आलूले सदरा कायले घातला व? वाफ कोठून जाईन त्याची? उकडाचेच होते तं तुह्या मायचा कुकर काय मेला होता?"

आई दारातूनच हसली. मला मात्र लागलं, थोडं. दिवसभर वाफेच्या लाइनी बघणाऱ्या बाईला फॉइलमध्ये वाफ कोंडते हे कळू नये...

दुसरी खेप बाबांच्या हुकमानं झाली. ते स्वतः उठून स्वयंपाकघरात आले, ओव्हनसमोर खुर्ची घेतली. लहान आलू निवडायला लावले, फडक्यानं कोरडे करून घेतले, थेट जाळीवर ठेवायला लावले. मी पन्नास मिनिटं लावली. ते काचेतून आत बघत बसले. मधे एकदाही खोलीत गेले नाहीत.

टायमरला आठ मिनिटं बाकी असताना म्हणाले, "काढ."

मी म्हटलं, अजून वेळ आहे.

"तुह्या मशीनले नाक हाय का?"

एका आलूत थर्मोकपलचं टोक खुपसून पाहिलं. आत अठ्ठ्याण्णव अंश. झालेच होते. निमूट बाहेर काढले... सालं सुरकुतलेली, आणि घरभर तो जळक्या मातीचा वास.

जाळी ओट्यावर टेकायच्या आत बाबांनी डाव्या हातानं एक आलू उचलला. कडकडीत होता. आरातला आलू हातात आल्यावर माणूस जे करतो तेच त्यांनी केलं... या हातातून त्या हातात टाकला.

उजव्या हातानं तो झेलला.

म्हणजे बोटं वळली, आलू क्षणभर तळव्यात राहिला आणि डाव्यात परत गेला. पुन्हा उजव्यात, पुन्हा डाव्यात. तिसऱ्यांदा निसटला आणि फरशीवर फुटला. अडीच महिने काही न धरलेल्या हातानं दोनदा झेलला. जास्त सांगणार नाही, दोनदा.

आईनं उगाच नळ सोडला. बाबा आपल्या उजव्या तळव्याकडे बघत होते.

"उजव्यालेबी पोयलं..." म्हणाले. पोळलं, असं.

मग आमच्याकडे पाहून, "काय पाहून राहिल्या दोघी? मीठ आना. कांदा फोडा."

त्या दिवशी ते आमच्यासोबत जेवले. डाव्या हातानं, आमच्या समोर, तिखट-मीठ आणि कच्चं तेल घालून कुस्करलेले चार आलू आणि एक भाकर. आईनं पाचवा वाढला तर त्यालाही नाही म्हणाले नाहीत.

सोमवारी ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, चांगली खूण आहे, पण सवयीची हालचाल आधी येते, ठरवून केलेली नंतर... घाई नको. ठीक आहे. घाई नाही.

कोणाचे आभार मानायचे ते मला नीट ठरवता येत नाही. डॉक्टरांचे, ताईंचे आहेतच. गावच्या त्या आराचे, जिथे या हाताला झेलायची सवय लागली, त्याचेही. आणि माझ्या फॉइलचे... पहिले आलू नीट भाजले असते तर बाबा खोलीतून उठलेच नसते.

चेंडू अजून कपाटावरच आहे. बाबा सकाळी टोपलीतून एक आलू घेतात आणि अंगणात बसून या हातातून त्या हातात टाकत राहतात. काल उजव्यानं सलग नऊदा झेलला.

संध्याकाळी तोच आलू ओव्हनमध्ये जातो. फॉइलशिवाय.