श्रावणभाऊंनी परत पाठवलेले पत्रे

फोन आला तेव्हा मी अकोल्यात तांब्याची तार घ्यायला गेलो होतो. श्रावणभाऊ गेले... सकाळी चहा पिता पिता गेले. तोलून झालेली तार काट्यावरच सोडून मी परतवाड्याची बस धरली. महिना होत आला, तरी अजून माझ्या तोंडून 'श्रावणभाऊंना विचारतो' असं निघून जातं.

परतवाड्यात शेड उभारायची म्हटली की पत्रे बसवायला श्रावणभाऊंचंच नाव निघायचं. शाळा चौथीपर्यंत, पण कुठल्या मोसमात वारा कुठून येतो हे तोंडपाठ. पावसाचा वारा पश्चिमेचा, म्हणून ते पत्रे पूर्वेकडून घालत यायचे; जोडाचं तोंड वाऱ्याकडे राहू द्यायचे नाहीत. माणूस मात्र भारी तिरसट. गोड बोलणं त्यांच्या गावीही नव्हतं.

माझं मोटार वायंडिंगचं काम. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी येतात, हाताखाली दोन माणसं असतात, आणि आपल्याकडचा मे महिना काही सांगायला नको. सिमेंटचे पत्रे कमी तापतात, गंजत नाहीत, म्हणून मी मोठ्या हुशारीनं, कुणाला न विचारता, अमरावतीहून गाडीभर पत्रे आणून टाकले. श्रावणभाऊ आले, थप्पीवर हात ठेवला आणि एवढंच विचारलं, "वानेरं आल्यावर वर कोण चढन?"

उन्हाळ्यात मेळघाटातून वानरांचे कळप गावात उतरतात, ते हाकलायला कुणीतरी चढतंच. मी म्हणालो, मीच चढणार, दुसरं कोण?

"मंग मी हे बसवत नाई. वापस कर."

मी उन्हाचं सांगितलं, गंजाचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पत्रा कितीक वर्षं टिकते ते दुकानदाराले विचार. वरचा माणूस टिकन का, ते मी पायतो."

मला राग आला. चारचौघांत त्यांना जुन्या डोक्याचा म्हणालो आणि पंधरा दिवस बोललो नाही. शेवटी पाऊस तोंडावर आला, तेव्हा मुकाट्यानं पत्रे परत केले. त्यांनी जाड लोखंडी पत्रे घातले, भिंती दोन फूट चढवायला लावल्या, गरम हवा निघायला वर फट ठेवली. दर एप्रिलला न सांगता येऊन वरून चुना मारून जायचे. गरम होतं, खोटं कशाला बोलू, पण काम करता येतं. काठी घेऊन मी किती वेळा वर धावलो असेन, गणती नाही. तुमचं बरोबर होतं, एवढं म्हणायचं मात्र राहिलंच.

तेरवीला त्यांच्या घरी गेलो. मागच्या शेडमध्ये बसायची सोय होती. तिथं मी कधी गेलोच नव्हतो. वर पाहिलं तर सगळे सिमेंटचे जुने पत्रे. मला काही समजेना. मधोमध तेवढा एक पारदर्शक पत्रा होता, त्याच्याखाली उजेड पडला होता. पान्हे, हुक, शिडी, सगळं भिंतीकडे सरकवलेलं. उजेडाची जागा रिकामी. मी तिथंच खुर्ची टाकली.

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"तिथं नोका बसू, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "त्याईचा लहाना भाऊ वानेरं हाकलाले चढला होता. पायाखालचा पत्रा फुटला, तिथूनच खाली आला, वाचला नाई... तो फुटलेला पत्रा त्याईनंच बसवला होता."

मी खुर्ची भिंतीकडे ओढली. या माणसाशी मी पंधरा दिवस बोललो नव्हतो.