चिखलावरचे चुलतसासरे

माझ्या चुलतसासऱ्यांइतका जमिनीवर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. त्यांचा देवावर विश्वास आहे, एसटीच्या वेळापत्रकावर आहे, दर निवडणुकीत पडणाऱ्या उमेदवारावरसुद्धा आहे. जमिनीवर मात्र नाही. उरणपासून पेणपर्यंतच्या खाडीकाठच्या खाजणांत गोदामं, घरं, पूल उभे राहण्याआधी तिथला चिखल घट्ट करणं हा त्यांचा जन्मभराचा धंदा. यंत्रानं पात्यांचा लांबलचक दांडा फिरवत जमिनीत घालायचा, सिमेंट कालवलेलं पाणी सोडत चिखल जागच्या जागी घुसळायचा. तो घट्ट झाला की जमिनीच्या पोटात खांब तयार. माझ्या लग्नात मी त्यांच्या पाया पडलो, तर आशीर्वाद देण्याऐवजी ते म्हणाले, "बाजूला सरा जावईबापू, हितं भराव कच्चा हाय." पालीला बल्लाळेश्वराच्या रांगेत पुढच्या बाईंना त्यांनी बाईंच्याच नव्या इमारतीच्या पायाबद्दल इतकं काही विचारलं, की त्या दर्शन न घेताच घराकडे निघाल्या.

पण खरा हादरा त्यांनी दिला तो माझ्या सासऱ्यांच्या भूमिपूजनाला. सासरे म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. बंद पडलेल्या मिठागराच्या कडेला ते घर बांधायला निघाले होते. लाल मातीचा भराव, वर मांडव, भटजी, पाहुणे, पेढे, सगळी तयारी झालेली. सासरे नारळ फोडणार, एवढ्यात हे चुलतसासरे, म्हणजे आमचे काका, एक लांब, जाड लोखंडी सळई घेऊन पुढे आले. भरावातून ती ठोकून खाली उतरवली आणि हात काढून घेतला. सळई आपली आपण खाली जायला लागली! कुणी हात लावलेला नसताना, सावकाश, आमच्या डोळ्यांदेखत ती जमिनीत दिसेनाशी झाली. भटजींचा मंत्र तोंडातच राहिला. सासूबाई मटकन खाली बसल्या आणि तितक्याच घाईनं उठल्या.

"दादा, बापाची जमीन हाय ती!" सासरे हातातला नारळ तसाच धरून ओरडले. "चार लोकांत अपशकुन केलास!"

"बापाची हाय म्हूनच सांगतो. आधी खांब घाल, न्हायतर घर बांधू नको."

सासऱ्यांनी काकांशी बोलणं टाकलं. पण त्या सळईनं त्यांची झोप उडवली असावी, कारण पावसाळा सरल्यावर काकांचं यंत्र आलं. दोघे भाऊ दोन बांधांवर उभे, आणि मधे निरोप पोचवायला मी. "त्याला सांगा, सिमेंट सांडतंय." "त्याला सांगा, मला दिसतंय."

वास्तुशांतीला काका आले, पण उंबऱ्याबाहेरच थांबले. राग धरला असेल म्हणून मी त्यांचा हात धरला. ते ओशाळून हसले.

"तसं न्हाय हो. आमचं काम झालं का आमी दुसऱ्या चिखलात. वर घर झाल्यावर बघायला या, असं आमाला कदी कोनी बोलावलंच न्हाय. माझ्या खांबांवरच्या घरात मी अजून पाय ठेवलेला न्हाय."

 एवढ्या वर्षांत, एकदाही नाही? मागे सासरे उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. हातातलं ताम्हन माझ्याकडे देत ते पुढे झाले.

"दादा, आत ये. जेवाया बस."

काका चपला काढून आत आले. एकेका खोलीतून फिरले, भिंतींवरून हलकेच हात फिरवला. माजघरात पोरं धुडगूस घालत होती, बायका हसत होत्या. ते दाराशी उभे राहून नुसते बघत राहिले. पानात वाढलेला भात निवत चालला होता, पण त्यांना हाक मारायला आमच्यापैकी कुणाचीच जीभ उचलली नाही.